कॉमेटचे प्रकरण: एका चाचणीने दिलेला खोटा दिलासा

१९५३ साल सरत आले होते, तेव्हा इंग्लंडमधल्या डी हॅव्हिलंड विमान कंपनीच्या अभियंत्यांच्या हातात एक आकडा होता: १८,०००. कॉमेट या जेट प्रवासी विमानाच्या केबिनचा एक मोठा तुकडा त्यांनी चाचणीला लावला होता. आत दाब चढवायचा, उतरवायचा, पुन्हा चढवायचा. एक चढउतार म्हणजे एक उड्डाण. असे सुमारे १८,००० फेरे झाल्यावर खिडकीच्या कोपऱ्याशी पत्रा फाटला. एका उड्डाणाला तीन तास धरले तर हे ५४,००० तास होतात. केबिन भक्कम आहे, तिची काळजी नको, असे सगळ्यांनी मानले.

१० जानेवारी १९५४ रोजी एक कॉमेट भूमध्य समुद्रावर हवेतच फुटले. त्याने १,२९० वेळा केबिनमध्ये दाब भरून उड्डाण केले होते. ८ एप्रिलला दुसरे फुटले. त्याची उड्डाणे ९००.

मी पदविकेच्या मुलांना स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स शिकवतो. विसाव्या शतकाच्या मध्यावरचे शोध म्हटले की मुले ट्रान्झिस्टर, अणुभट्टी, संगणक ही नावे घेतात. जेटवर उडणारे प्रवासी विमान क्वचितच कोणाला आठवते, आणि कॉमेट तर कोणालाच नाही. तरीही दर वर्षी एक पूर्ण तास मी या एका प्रकरणाला देतो. १८,००० आणि ९०० यांच्यामधले अंतर कुठून आले, हे समजले की चाचणी म्हणजे काय आणि तिच्यावर कितपत विसंबावे, हे नीट कळते.

उंचीचे गणित

युद्ध चालू असतानाच ब्रिटिश सरकारने शांततेच्या काळातल्या प्रवासी विमानांचा विचार करायला लॉर्ड ब्रॅबझन यांची समिती नेमली होती. अमेरिकेकडे मोठी पंख्याची विमाने तयार होती. त्यांच्या मागे धावण्यापेक्षा एकदम पुढची उडी घ्यावी, असे समितीच्या यादीतल्या एका विमानाबाबत ठरले: जेट इंजिनावरचे विमान. डी हॅव्हिलंडचे मुख्य संरचनाकार रोनाल्ड बिशप यांच्या हाताखाली ते आकाराला आले. २७ जुलै १९४९ रोजी जॉन कनिंगहॅम यांनी ते पहिल्यांदा उडवले. २ मे १९५२ रोजी बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचे कॉमेट लंडनहून जोहान्सबर्गला ३६ प्रवासी घेऊन निघाले आणि जगातली पहिली नियमित जेट प्रवासी सेवा सुरू झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून लंडन-कोलंबो मार्गावरचे कॉमेट मुंबईलाही उतरू लागले.

जेट इंजिन खालच्या दाट हवेत इंधन वारेमाप खाते. त्याला परवडणारी हवा ३५,००० ते ४०,००० फुटांवर असते. त्या उंचीवर माणूस उघड्यावर मिनिटभरही शुद्धीत राहत नाही, म्हणून केबिनमध्ये हवा कोंडून ठेवावी लागते. कॉमेटमध्ये आत साधारण ८,००० फुटांवरच्या डोंगरमाथ्यावर असतो तेवढा दाब ठेवत. आतला आणि बाहेरचा दाब यांतला फरक दर चौरस इंचाला सव्वाआठ पौंड होई. ऐकायला हा आकडा लहान वाटतो. पण हिशेब केला तर केबिनच्या प्रत्येक चौरस फुटावर आतून बाहेर अर्ध्या टनाहून थोडा जास्त भार येतो. त्या काळच्या इतर प्रवासी विमानांवर येणाऱ्या भारापेक्षा हा बराच जास्त होता.

दुसरीकडे इंजिनाची ताकद बेताची. घोस्ट जातीची चार इंजिने पंखांच्या मुळाशी बसवली होती आणि त्यांच्या जोरावर एवढे वजन एवढ्या उंचीवर न्यायचे, तर प्रत्येक किलो वाचवणे भाग होते. म्हणून केबिनचा बराचसा पत्रा २२ गेजचा घेतला. म्हणजे जाडी ०.७ मिलिमीटर. दोन-तीन पोस्टकार्डे एकावर एक ठेवली तर होते तेवढी.

हे वाचून कंपनीने निष्काळजीपणा केला, असे कोणाला वाटले तर ते चूक आहे. नियम सांगत होता की केबिनने नेहमीच्या दाबाच्या दुप्पट दाब एकदा सहन करावा. डी हॅव्हिलंडने आराखडा अडीच पटीला केला आणि प्रत्यक्ष चाचणी दुप्पट दाबाला घेतली. शिवाय कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कॉमेटमध्ये नेहमीपेक्षा तृतीयांश जास्त दाब भरून ते तपासले जाई. त्यांचा तर्क सरळ होता: जे दुप्पट ओझे एकदा पेलते, ते एकपट ओझे हजारो वेळा पेलेल.

इथेच मी वर्गात थांबतो आणि मुलांना तारेचा तुकडा देतो. एका झटक्यात ती कोणालाच तोडता येत नाही. पण इकडे-तिकडे वाकवत राहिले की दहा-पंधरा वेळांत हातात दोन तुकडे येतात. धातूचा हा थकवा १९५० साली नवा नव्हता. आगगाडीच्या डब्यांचे आस विनाकारण मोडतात, याचा छडा जर्मन अभियंता ऑगस्ट व्योलर यांनी एकोणिसाव्या शतकातच लावला होता. विमानाच्या पंखाला थकवा येतो, हेही लोकांना ठाऊक होते. केबिनचा पत्रा मात्र त्या नजरेने फारसा कोणी पाहिला नव्हता, कारण एवढा दाब इतक्या वेळा भरला आणि सोडला जाणारी केबिनच त्यापूर्वी नव्हती.

डमडमजवळचा इशारा

कॉमेटचे पहिले काही अपघात धावपट्टीवरचे. ऑक्टोबर १९५२ मध्ये रोमला एक विमान उडता उडता घसरून नादुरुस्त झाले. मार्च १९५३ मध्ये कराचीला कॅनडाच्या कंपनीचे नवे कोरे कॉमेट उड्डाण घेताना कोसळले आणि त्यातले अकराही जण गेले. नाक फार वर उचलले की पंखांना उचल मिळत नाही, असा त्याचा उलगडा झाला आणि पंखांची पुढची कड बदलण्यात आली.

तिसरा अपघात वेगळा होता. २ मे १९५३, पहिल्या सेवेला बरोबर एक वर्ष झाले तो दिवस. सिंगापूरहून लंडनला जाणारे योक व्हिक्टर नावाचे कॉमेट कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून दुपारी दिल्लीकडे निघाले आणि सहा मिनिटांत त्याचा संपर्क तुटला. आत ४३ माणसे होती. आकाशात वैशाखातले वादळ घोंगावत होते, आणि अवशेष शेताशेतांत मैलोगणती विखुरलेले सापडले. विमान जमिनीवर आपटण्याआधीच मोडले होते, हे उघड होते. भारत सरकारच्या चौकशीत निष्कर्ष निघाला की वादळातल्या जबर झोतांनी, किंवा त्या झोतांशी झुंजताना वैमानिकाकडून आलेल्या जादा ताणाने, सांगाडा मोडला. त्या वादळाकडे पाहिले तर तो निष्कर्ष वाजवीच होता. योक व्हिक्टरच्या बाबतीत नेमके काय घडले, यावर पुढेही वाद झाले. मला स्वतःला वाटते की तिथे वादळ नसते, स्वच्छ ऊन असते, तर लोकांनी पत्र्याकडे आठ महिने आधी पाहिले असते.

(योक पीटर, योक व्हिक्टर ही नावे विमानांच्या नोंदणी-अक्षरांवरून पडली. तेव्हाच्या रेडिओ-बोलीत वाय म्हणजे योक, पी म्हणजे पीटर.)

एल्बाच्या समुद्रावर

१० जानेवारी १९५४, रविवार. २ मे १९५२ ची ती पहिली सेवा ज्या विमानाने सुरू केली, तेच योक पीटर सकाळी साडेदहाच्या सुमारास रोमच्या चाम्पिनो विमानतळावरून लंडनच्या शेवटच्या टप्प्याला निघाले. २९ प्रवासी, ६ कर्मचारी. प्रवाशांत शाळेसाठी इंग्लंडला परतणारी मुले होती, आणि ऑस्ट्रेलियाचे नामवंत युद्ध-वार्ताहर चेस्टर विल्मट होते. हवा स्वच्छ होती. पुढे गेलेल्या दुसऱ्या एका बीओएसी विमानाच्या कप्तानाशी योक पीटरचे कप्तान गिब्सन रेडिओवर बोलत होते. माझा निरोप मिळाला का, एवढे विचारता विचारता वाक्य अर्ध्यावर तुटले. विमान तेव्हा साधारण २७,००० फुटांवर चढत होते.

खाली इटलीच्या एल्बा बेटाजवळच्या कोळ्यांनी आवाज ऐकला आणि समुद्रात पडणारे तुकडे पाहिले. ते होड्या घेऊन धावले. मिळाले ते मृतदेह त्यांनी किनाऱ्यावर आणले. पिसा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी शवविच्छेदन केले तेव्हा त्यांना एकसारखी चिन्हे दिसली: फुप्फुसे फाटलेली आणि कवट्या वरच्या बाजूने फुटलेल्या. दाब एकदम नाहीसा झाल्यावर फुप्फुसे अशी फाटतात, आणि माणूस आसनावरून उसळून छतावर आदळला की डोके असे फुटते. ऊर्ध्व हवेत काय घडले याची पहिली खरी साक्ष या डॉक्टरांनी काढली. प्रकरणाच्या बऱ्याच हकिकतींत त्यांचे नाव येत नाही, याची मला खंत वाटते. पथकाचे प्रमुख होते प्राध्यापक अंतोनियो फोर्नारी.

बीओएसीने सगळी कॉमेट आपणहून जमिनीवर उतरवली. कारण शोधायला समिती बसली. घातपात, आग, पंखांचे थरथरणे, इंजिनाचे पाते तुटून केबिनमध्ये शिरणे, सगळ्यांची यादी झाली. थकव्याचीही चर्चा झाली, पण ती पंखांच्या थकव्याची. केबिनचा थकवा त्या यादीत गंभीरपणे आलाच नाही. कारण केबिनपुरता कंपनीकडे तो आकडा होता. अठरा हजार फेरे पेललेली वस्तू तेराशेव्या फेऱ्याला तुटेल, असे कोण म्हणेल? समितीतली माणसे जाणकार होती आणि विषयाला मनापासून भिडली होती. त्यांच्यासमोरचा सर्वांत खात्रीचा पुरावाच खोटा होता आणि त्याने त्यांच्यापुढचे बरोबर दार बंद केले.

आग हे सर्वांत संभाव्य कारण मानून जवळजवळ साठ बदल केले गेले. २३ मार्चला विमाने पुन्हा उडू लागली. सोळाव्या दिवशी, ८ एप्रिलला, दक्षिण आफ्रिकेच्या विमान कंपनीसाठी धावणारे योक योक रोमहून कैरोला निघाले आणि नेपल्सच्या दक्षिणेला, पुन्हा तसेच उंची गाठताना, नाहीसे झाले. २१ माणसे गेली. तिथला समुद्र इतका खोल की अवशेष वर काढणे त्या काळी अशक्य होते. चार दिवसांनी, १२ एप्रिलला, कॉमेटचा उड्डाणयोग्यतेचा दाखलाच रद्द झाला.

तुकडे आणि टाकी

पंतप्रधान चर्चिल यांनी पैसा आणि मनुष्यबळ यांचा हिशेब न बघता या कोड्याचा उलगडा करा, असे सांगितले. काम फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या सरकारी संस्थेकडे आले. तिचे संचालक आर्नल्ड हॉल तेव्हा चाळिशीही न गाठलेले. त्यांनी एकाच वेळी दोन टोकांनी सुरुवात केली: मेलेल्या विमानाचे तुकडे गोळा करायचे आणि जिवंत विमान मारून पाहायचे.

तुकड्यांचे काम भूमध्य समुद्रातल्या ब्रिटिश आरमाराने आधीच हाती घेतले होते. त्याचे सरसेनापती माउंटबॅटन होते, हिंदुस्थानचे अखेरचे व्हाइसरॉय. एल्बापाशी समुद्राची खोली १८० मीटरच्या आसपास. पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांच्या आवाक्याबाहेरचे हे काम होते. पाण्यात सोडायचा दूरचित्रवाणी कॅमेरा, तळ चाचपणारे मोठे लोखंडी पंजे आणि इटालियन मच्छीमारांची जाळी, अशा मिळेल त्या साधनाने महिनोन्‌महिने तळ खरवडला. शेवटी विमानाचा सुमारे ७० टक्के भाग वर आला. फार्नबरोला एका मोठ्या शेडमध्ये लाकडी सांगाडा उभारून प्रत्येक तुकडा आपापल्या जागी टांगला. आपल्याकडे पुरातत्त्वाचे लोक मडक्याची खापरे जुळवतात, अगदी तसे.

यातला एक पुरावा मला फार आवडतो. डाव्या पंखावर केबिनच्या रंगाचे ओरखडे सापडले. म्हणजे केबिनचा तुकडा उडून पंखावर आपटला, तेव्हा पंख अजून विमानाला जोडलेला होता. केबिन आधी फुटली, पंख नंतर तुटला. एका ओरखड्याने घटनांचा क्रम ठरला आणि पंखांच्या थकव्याचा संशय मागे पडला. केबिन फुटली की आतली माणसे कुठे फेकली जातात, हे पाहायला हॉल यांच्या लोकांनी एक दशांश आकाराची पारदर्शक प्लास्टिकची केबिन केली, तिच्यात चिमुकली आसने आणि बाहुल्या बसवल्या आणि ती दाबाने फोडून चित्रण केले. बाहुल्या पुढे आणि वर उसळल्या. पिसाच्या डॉक्टरांचे म्हणणे तंतोतंत जुळले.

आता दुसरे टोक. बीओएसीच्या ताफ्यातले योक अंकल हे विमान फार्नबरोला आणले आणि त्याच्या धडाभोवती पोलादी टाकी बांधली. लांबी शंभर फुटांहून जास्त. पंख टाकीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर काढलेले. टाकीत पाणी भरले आणि केबिनच्या आतही पाणी. मग आतल्या पाण्याचा दाब वाढवायचा, उतरवायचा, आणि त्याच तालावर जॅक लावून पंख वरखाली वाकवायचे. तीन तासांचे उड्डाण पाच मिनिटांत उरकत होते. रात्रंदिवस काम चालू होते.

पाणी का, हा प्रश्न दर वर्षी एखादी तरी मुलगी किंवा मुलगा विचारतोच. हवा दाबली की आकसते आणि स्प्रिंगसारखी ताकद साठवून ठेवते. सायकलची ट्यूब फुटते तेव्हा मोठा आवाज होतो तो त्या साठलेल्या ताकदीचा. हवेने भरलेली केबिन फुटली असती तर बॉम्ब पडल्यासारख्या चिंधड्या झाल्या असत्या आणि चीर कुठून सुरू झाली हे कधीच कळले नसते. पाणी जवळजवळ आकसत नाही. पत्रा फाटला की थोडे पाणी झिरपते, दाब तत्काळ पडतो आणि चीर जिथल्या तिथे थांबते.

२४ जून १९५४ रोजी टाकीतला दाब अचानक पडला. पाणी काढून पाहिले तर केबिनच्या बाजूला सुमारे आठ फूट लांब पत्रा उघडला होता. सुरुवात झाली होती आपत्कालीन सुटकेच्या झडपेच्या खिडकीपाशी, कोपऱ्यातल्या एका भोकाशी. योक अंकलने प्रत्यक्षात सुमारे १,२३० उड्डाणे केली होती आणि टाकीत १,८३० च्या आसपास. मिळून ३,०६०.

ऑगस्टमध्ये एल्बाच्या तळावरून योक पीटरच्या छताचा एक मोठा तुकडा वर आला. विमानाची दिशा दाखवणाऱ्या रेडिओ यंत्राच्या अँटेनांसाठी छतात दोन चौकोनी गाळे कापलेले होते आणि त्यांवर रेडिओलहरी आरपार जातील अशी झाकणे बसवलेली होती. मागच्या गाळ्याच्या कोपऱ्याशी, एका भोकाच्या कडेला, थकव्याच्या चिरेची खूण स्पष्ट होती.

लोकांत आजही गोष्ट अशी सांगितली जाते की कॉमेटच्या खिडक्या चौकोनी होत्या म्हणून विमाने पडली. ती अर्धवट आहे. खिडक्यांचे कोपरे गोलाई दिलेलेच होते, आणि योक पीटर फुटले ते प्रवाशांच्या खिडकीपाशी नाहीच, छतावरच्या त्या गाळ्यापाशी. गुन्हेगार आकार एवढाच मानला तर कोपरे आणखी गोल केले की प्रश्न मिटला असे वाटते. खरा प्रश्न त्याहून खोल होता.

अठरा हजारांचे कोडे

ओढ्याचे पाणी मधल्या दगडाला वळसा घालते तेव्हा दगडाच्या कडेने त्याचा वेग वाढतो. पत्र्यातला ताण असाच वाहतो. मध्ये खिडकीचे भोक आले की तो कडेने वळतो आणि कोपऱ्यात दाटतो. कोपऱ्याशी रिव्हेटचे, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळीचे, भोक असेल तर तिथे आणखी दाटतो. कंपनीच्या गणिताप्रमाणे कोपऱ्याजवळचा ताण पत्र्याच्या अंतिम ताकदीच्या निम्म्याहून कमी होता. फार्नबरोने मोजमाप केले तेव्हा तो खिडकीच्या कडेला ७० टक्क्यांच्या घरात निघाला. कंपनीने काढला होता तो साधारण सरासरी ताण. चीर मात्र सरासरीच्या जागी पडत नाही.

एवढा ताण असेल तर काही हजार फेऱ्यांत चीर पडणार, हे समजते. मग कंपनीचा तुकडा १८,००० फेरे कसा टिकला?

कारण तो तुकडा कोरा नव्हता. त्याच तुकड्यावर आधी ताकदीच्या चाचण्या झाल्या होत्या. त्याच्यात नेहमीच्या दाबाच्या वर, थेट दुप्पट दाबापर्यंत, पुन्हा पुन्हा दाब भरला गेला होता. त्या जादा दाबाखाली कोपऱ्यांतल्या अगदी इवल्या जागी धातू कायमचा ताणला गेला. आजूबाजूचा पत्रा मात्र ताणला जाऊन पुन्हा मूळ लांबीला यायला बघत होता. दाब उतरल्यावर आजूबाजूच्या पत्र्याने त्या ताणलेल्या बिंदूला चहूकडून आवळून धरले.

बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे पटकन समजेल. लोखंडी कडे तापवून फुगवतात, लाकडी चाकावर बसवतात आणि पाणी ओततात. कडे आकसते आणि चाकाला सगळीकडून करकचून आवळते. मग रस्त्यावरचे धक्के चाकाचे सांधे उघडू पाहतात, तेव्हा त्यांना आधी तो आवळ सैल करावा लागतो. कॉमेटच्या त्या तुकड्यात प्रत्येक कोपऱ्याला अशी अदृश्य धाव चढली होती. पुढच्या प्रत्येक फेऱ्यात दाबाचा बराचसा जोर ती आवळण सोडवण्यातच खर्ची पडे. चीर पडायला १८,००० फेरे लागले ते यामुळे.

प्रवाशांना घेऊन उडणाऱ्या विमानांना हे कवच मिळाले नव्हते. त्यांच्यात जादा दाब भरला गेला तो तृतीयांशापुरताच. म्हणजे ताकद तपासण्यासाठी केलेल्या चाचणीने तपासायचा नमुनाच बदलून टाकला, आणि मग त्या बदललेल्या नमुन्याचे आयुष्य मोजून ते सगळ्या विमानांचे आयुष्य मानले गेले. एकेक पायरी पाहिली तर कुठेही गैर दिसत नाही. उलट काटकसर दिसते: एवढा महागाचा सांगाडा, दोन्ही कामांना वापरला तर काय बिघडले? मीही त्या जागी असतो तर तसेच केले असते, आणि हे मी मुलांना दर वर्षी स्पष्ट सांगतो.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे लोकांचे लक्ष कमी जाते. तीन विमाने, एकच आराखडा, एकच पत्रा: ३,०६०, १,२९० आणि ९००. थकवा असाच असतो. एकाच कापडाचे तीन सदरे शिवले तरी तिन्ही एकाच दिवशी विरत नाहीत. भोक पाडताना राहिलेला एखादा ओरखडा, पत्र्यातला बारीक फरक, एवढ्याने आयुष्य तिपटीने बदलते. तेव्हा एका नमुन्यावरून काढलेला आकडा खरा असला, तरी तो त्या नमुन्याचा असतो. बाकीच्यांसाठी त्याला एखाद्या मोठ्या संख्येने भागावे लागते. कंपनीच्या चाचणीत नमुना एकच होता.

पुढचे

१९ ऑक्टोबर १९५४ रोजी लॉर्ड कोहेन यांच्यापुढे उघड चौकशी सुरू झाली. तीत डी हॅव्हिलंडने आपली गणिते आणि आपल्या चाचण्या टेबलावर मांडल्या. फेब्रुवारी १९५५ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. योक पीटर केबिनच्या थकव्याने फुटले हे त्यात ठामपणे म्हटले होते. योक योकचे अवशेष हाती नव्हते, पण कारण तेच असावे असे त्यात नोंदले होते. कोणा एकावर दोष ठेवला गेला नाही. मला तो निवाडा योग्य वाटतो, कारण त्या वेळच्या जाणकारांनी जे करायला हवे होते त्याहून जास्तच कंपनीने केले होते. गेलेल्यांच्या घरच्यांना तो कसा वाटला असेल, याचा विचार मात्र मनातून जात नाही.

नवे कॉमेट ४ जाड पत्र्याचे आणि बदललेल्या खिडक्यांचे होते. ४ ऑक्टोबर १९५८ रोजी बीओएसीने त्याच्यावर लंडन-न्यूयॉर्क जेट सेवा सुरू केली, अटलांटिकवरची पहिली. तीन आठवड्यांनी पॅन अमेरिकनचे बोइंग ७०७ आले, कितीतरी मोठे, आणि गिऱ्हाइके तिकडे वळली. मुंबईच्या एअर इंडियानेही १९६० मध्ये पहिले जेट घेतले ते बोइंग ७०७. अहवाल जगापुढे खुला होता आणि अमेरिकी कंपन्यांनी तो बारकाईने वाचला होता. ७०७ च्या पत्र्याखाली ठरावीक अंतरावर जाड पट्ट्या दिल्या होत्या. चीर पडलीच तर पुढच्या पट्टीपाशी अडावी, विमानाने तोवर खाली उतरावे आणि तपासनिसाला ती दिसावी. चीर पडणारच नाही, हे गृहीतक सोडून दिल्यावर सुचणारी ही रचना आहे.

आता नव्या विमानाचे दोन सांगाडे चाचणीसाठी वेगळे काढतात. एकावर फक्त ताकदीची चाचणी. दुसऱ्याला जादा दाब कधीच दाखवत नाहीत. त्याच्यावर फक्त फेरे मोजतात, आणि ताफ्यातले कोणतेही विमान जितके उडेल त्याच्या किमान दुप्पट फेरे होईपर्यंत मोजत राहतात.

योक पीटरच्या छताचा तो तुकडा लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ठेवलेला आहे. शेजारी शेजारी दोन चौकोनी गाळे, आणि एकाच्या कोपऱ्यातून निघून पत्रा चिरत गेलेली रेघ. ती जिथून सुरू होते ते भोक शर्टाच्या बटणापेक्षाही लहान आहे.